मराठी मजकूर यंत्राच्या आवाजात ऐकत वाचणे: उपयोग कोणाला आणि अडथळा कुठे?

गोदातीर

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. जवळजवळ प्रत्येक वर्गात अशी एक-दोन मुले भेटतात, की धडा मोठ्याने वाचून दाखवला तर त्यातल्या माणसांच्या स्वभावावर ती नेमके बोलतात. पण तोच धडा हाती दिला तर जोडाक्षरापाशी अडखळतात, मात्रा आणि वेलांटी यांची गल्लत करतात, मधलीच ओळ सोडतात आणि वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरून जातात. काहींना अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळालेले असते, पुष्कळांचे निदानच झालेले नसते. अशा मुलांसाठी टेक्स्ट टू स्पीच, म्हणजे लिहिलेला मजकूर बोलून दाखवणारी साधने, मी नियमितपणे वापरते. त्यांचा उपयोग होतो याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मराठीत ती वापरताना जे अडते त्यावर येथील जाणकारांशी बोलावे, यासाठी हा धागा काढते आहे.

यामागचा विचार आधी सांगते. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये असे मांडले, की वाचून समजणे हा दोन क्षमतांचा गुणाकार आहे: अक्षरांवरून शब्द उकलणे ही एक, आणि भाषा ऐकून समजणे ही दुसरी. बेरीज न म्हणता गुणाकार म्हणण्यात फार मोठा अर्थ आहे, कारण पहिली संख्या शून्याजवळ गेली की दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर लहानच येते. माझ्या या मुलांची दुसरी संख्या उत्तम असते. यंत्राचा आवाज पहिल्या संख्येला आधार देतो, आणि मुलाची समज जिथे खरोखर आहे तिथे त्याला पोचू देतो.

संगणकावर मी मायक्रोसॉफ्ट एज या ब्राउझरमधील ‘रीड अलाउड’ वापरते. कंट्रोल, शिफ्ट आणि यू ही बटणे एकत्र दाबली की पान वाचायला सुरुवात होते. त्यात मराठीचे आरोही आणि मनोहर असे दोन आवाज निवडता येतात. त्यांना इंटरनेट लागते. बोलला जाणारा शब्द त्याच क्षणी पडद्यावर रंगाने उठून दिसतो, आणि ओळ हरवणाऱ्या मुलाला सर्वांत मोठा आधार याच गोष्टीचा होतो. अँड्रॉइड फोनवर टेक्स्ट टू स्पीचच्या सेटिंगमध्ये मराठी आवाज एकदा उतरवून घेतला, की ‘सिलेक्ट टू स्पीक’ या सोयीने पडद्यावरचा हवा तेवढा मजकूर ऐकता येतो. वेग मात्र सुरुवातीला कमी ठेवावा लागतो. आवाज पुढे आणि नजर मागे अशी स्थिती झाली की मूल पुस्तकाकडे पाहणे सोडून देते, आणि मग ते फक्त ऐकणे उरते.

आता अडचण. मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावरील नोंदी हे आवाज सुरळीत वाचतात. परंतु पूरक वाचनासाठी मिळणाऱ्या पीडीएफ उघडल्या की कधी आवाज रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ बोलतो, कधी मराठीच बोलतो पण शब्द मोडके येतात, तर कधी काहीच बोलत नाही. पान डोळ्यांना अगदी स्वच्छ दिसत असताना असे का व्हावे? यावर उपाय काय?

निशिगंध

गोदातीर, धागा काढल्याबद्दल आभार. मी पूर्ण दृष्टिहीन आहे आणि माझे सर्व वाचन-लेखन आवाजावर चालते, म्हणून एक भेद आधी स्पष्ट करते. तुम्ही सांगितलेली साधने समोरचा मजकूर वाचतात. एनव्हीडीए किंवा टॉकबॅक यांसारखे स्क्रीन रीडर त्याशिवाय कोणते बटण कुठे आहे, कोणता रकाना रिकामा आहे, हेही सांगतात आणि संपूर्ण यंत्र कळफलकावरून किंवा स्पर्शाने चालवू देतात. एनव्हीडीए हा मोफत आहे. ऑस्ट्रेलियातील मायकल करन यांनी २००६ मध्ये त्याचे काम सुरू केले. ज्या मुलाला दिसते पण अक्षरे उकलत नाहीत, त्याला स्क्रीन रीडर देऊ नये. प्रत्येक बटणाचे नाव ऐकून ते बेजार होईल.

दुसरी गोष्ट आवाजाबद्दल. पालक बहुधा सर्वांत गोड आवाज शोधतात. मी मात्र ईस्पीक हा जुन्या धाटणीचा, सरळसरळ यांत्रिक वाटणारा आवाज वापरते. त्यामागे माणसाच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण नसते, ध्वनी गणिताने घडवलेले असतात. त्यामुळे तो आकाराने लहान असतो, बटण दाबताक्षणी बोलतो आणि वेग पुष्कळ वाढवला तरी त्याची व्यंजने एकमेकांत मिसळत नाहीत. नवे, माणसासारखे आवाज सावकाश ऐकायला सुंदर आहेत, पण मला दिवसभराचे कार्यालयीन कागद वाचायचे असतात. तुमच्या विद्यार्थ्यांचे उलट आहे. त्यांना वाक्याचा चढ-उतार हवा, म्हणून त्यांना आरोही-मनोहरच योग्य.

आणि एक आग्रहाची विनंती: नजर पानावर ठेवण्याचा नियम कधीही सैल करू नका. मराठीत ‘पाणी’ आणि ‘पाणि’ कानाला जवळजवळ सारखेच लागतात. मला प्रत्येक शंकास्पद शब्दाचे एकेक अक्षर बोलवून ऱ्हस्व-दीर्घ तपासावे लागते. ज्याला डोळे आहेत त्याला तोच शब्द ऐकता ऐकता पाहायला मिळतो. ही संधी त्याने गमावू नये.

आजोळ

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. पहिली-दुसरीच्या वर्गांतच आयुष्य गेले. गोदातीर, तुमची तळमळ कळते, तरीही मनात आलेले स्पष्टपणे लिहिते. अक्षरे उकलण्याचा कंटाळा असलेल्या मुलाला आयता आवाज दिला, तर ते उकलण्याचे कष्ट कशाला घेईल? आम्ही बाराखडी, जोडाक्षरे आणि श्रुतलेखन यांवर मेहनत घेऊन अडखळणारी मुले वाचती केली आहेत. ती मेहनत वाचवण्याचे साधन म्हणून शाळा याचा वापर करतील, अशी मला भीती वाटते.

गोदातीर

आजोळताई, तुमची भीती निराधार नाही. शाळेला वेळ नाही म्हणून मुलाच्या कानांत इअरफोन घालून त्याला मागच्या बाकावर बसवणे, हा या साधनाचा दुरुपयोगच आहे.

म्हणून मी दोन तास वेगळे मानते. उकलण्याच्या सरावाचा तास तुम्ही सांगता तसाच असतो: मुलाच्या आवाक्यातला छोटा मजकूर, जोडाक्षरांची फोड, मोठ्याने वाचन, श्रुतलेखन. त्या तासाला यंत्र बंद असते. पण तेच मूल आठवीत असते आणि त्याच्यापुढे इतिहास, विज्ञान आणि मराठीचे आठवीचेच धडे असतात. त्याचे उकलणे तिसरीच्या पातळीवरून वर येईपर्यंत ते सारे धडे थांबवून ठेवायचे का? मुलांना नवे शब्द आणि गुंतागुंतीची वाक्ये बोलण्यातून थोडी आणि पुस्तकांतून फार मिळतात. मूल पुस्तकांपासून दूर राहिले की काही वर्षांत त्याची ती दुसरी, धडधाकट असलेली संख्याही घसरू लागते. उकलण्याची अडचण अशा रीतीने समजेची अडचण होते, आणि ती नंतर भरून काढणे फार अवघड जाते.

वाचन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांवर झालेल्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये जर्नल ऑफ लर्निंग डिसॅबिलिटीज या नियतकालिकात आले होते. मजकूर ऐकवण्याने आकलनात सरासरी ०.३५ प्रमाण विचलनाएवढी सुधारणा दिसली, असे त्यात म्हटले आहे. हा परिणाम मध्यम म्हणावा त्याहूनही थोडा कमी आहे, आणि इंग्रजी लिपीचा आकडा देवनागरीला जसाच्या तसा लावताही येत नाही. मी त्यातून एवढेच घेते, की आधार दिल्याने समज वाढते, पण आधार म्हणजे उपचार नव्हे. उपचार तुमच्या पद्धतीनेच होतो.

एक रीत मला विशेष उपयोगी वाटली. मुलाने वाक्य आधी स्वतः मनात वाचायचे, मग यंत्राकडून ऐकायचे आणि जिथे आपले चुकले तिथे पेन्सिलीने खूण करायची. चूक दाखवणारा समोर माणूस नसल्यामुळे मुले ती खूण न लाजता करतात.

पैलतीर

मी पुण्यात अक्षरजुळणी आणि पुस्तकांची मांडणी करतो. गोदातीर यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर आमच्या व्यवसायात दडलेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, रूढ होण्याआधी, आणि रूढ झाल्यावरही बराच काळ, मराठी पुस्तके श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये जुळवली गेली. या फॉन्टची रचना अशी, की संगणक ज्या क्रमांकाला रोमन अक्षर किंवा एखादे चिन्ह समजतो, त्या क्रमांकावर देवनागरीचा आकार बसवलेला असतो. छपाईला फक्त आकार लागतो, त्यामुळे छापलेले पान निर्दोष असते. आवाजाला मात्र आकार दिसत नाही, त्याच्या हाती आतले क्रमांक लागतात, आणि ते क्रमांक रोमन अक्षरांचे असल्यामुळे तो तेच वाचतो. हा दोष आवाजाचा नाही. आमच्यासारख्यांनी युनिकोडकडे वळायला वेळ का लावला, असे कोणी विचारेल. पेजमेकर हे वर्षानुवर्षे घरोघरी चाललेले मांडणीचे सॉफ्टवेअर देवनागरी युनिकोड हाताळूच शकत नव्हते, आणि छापखान्यांची सारी घडी त्यावर बसलेली होती.

मोडक्या शब्दांचे कारण वेगळे आहे आणि ते युनिकोड फॉन्ट वापरलेल्या पीडीएफमध्येही सापडते. पीडीएफ हे मुळात पान कसे दिसावे याचे वर्णन असते. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण कागदावर ती व्यंजनाच्या आधी काढली जाते. फाइल तयार करताना आकारांमागचा मूळ मजकूर नीट जोडला गेला नाही, तर ‘स्थिती’ हा शब्द बाहेर काढताना ‘िस्थती’ असा निघतो आणि काही जोडाक्षरे तर गळूनच जातात. डोळ्यांना यातले काहीच दिसत नाही.

आपल्या हातातली फाइल कोणत्या प्रकारची आहे हे ओळखायला परिच्छेदभर मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावा. रोमन चिन्हांचा सडा पडला तर फॉन्ट जुना आहे. त्या विशिष्ट फॉन्टचा परिवर्तक मिळाला तर मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, मात्र एका फॉन्टचा परिवर्तक दुसऱ्याला चालत नाही. देवनागरी आली पण वेलांट्या भरकटलेल्या असतील, तर त्या फाइलशी झगडण्यात वेळ घालवू नये. पानांच्या प्रतिमा करून त्यांवरून अक्षर-ओळख, म्हणजे ओसीआर, करून घेणे अधिक सोपे जाते. मजकूर निवडताच येत नसेल तर ती पाने म्हणजे निव्वळ छायाचित्रे आहेत, आणि तिथेही ओसीआरच करावे लागते.

ओसीआरसाठी गूगल ड्राइव्हवर फाइल चढवून ती गूगल डॉक्समध्ये उघडणे हा घरगुती मार्ग आहे. टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअरही मराठी ओळखते, पण ते चालवायला थोडे तांत्रिक ज्ञान लागते. स्वच्छ छपाईचे पान बरेच अचूक येते. जुन्या खिळेछपाईत शाई पसरलेली असते, आणि मग रफार, अनुस्वार व अर्धी अक्षरे चुकतात. मुलाच्या हाती देण्यापूर्वी कोणीतरी मूळ पान शेजारी ठेवून ते वाचलेच पाहिजे. शिकणाऱ्या मुलाला चुकीचा शब्द अधिकृत आवाजात ऐकवणे हे न ऐकवण्यापेक्षा वाईट आहे.

त्यानंतरची साफसफाई कोणी सांगत नाही, आणि ऐकणाऱ्याला सगळा त्रास तिथेच होतो. ओसीआरमध्ये प्रत्येक छापील ओळीच्या शेवटी परिच्छेद तुटू शकतो, आणि मग आवाज ओळीओळीला थांबतो व वाक्याचा अर्थ विस्कटतो. ते तुकडे ‘शोधा आणि बदला’ वापरून सांधावेत. ओळीच्या शेवटी संयोगचिन्ह देऊन तोडलेले शब्द जोडावेत. पानाच्या डोक्यावर येणारे पुस्तकाचे नाव आणि पृष्ठक्रमांक काढून टाकावेत, नाहीतर ऐन संवादाच्या मध्येच पुस्तकाचे नाव ऐकू येते. तळटीपा प्रकरणाच्या शेवटी न्याव्यात.

राईनकाठ

आम्ही जर्मनीत राहतो. मुलीशी घरी मराठीच बोलतो, त्यामुळे तिला भाषा उत्तम समजते, पण देवनागरी ती फार सावकाश वाचते. गोदातीर यांनी मांडलेला गुणाकार वाचून आमच्या घराचेच वर्णन वाचल्यासारखे वाटले. अक्षमता नाही, फक्त सराव नाही. तरी उपाय तोच लागू पडला. रंगाने उठणाऱ्या शब्दामागे नजर नेत ती आता अशा गोष्टी वाचते, ज्या तिच्या वयाच्या आहेत. पूर्वी तिच्या वाचनाच्या वेगाला साजेशी म्हणून आम्ही देत होतो ती पुस्तके तिला बाळबोध वाटत.

एक सूचना कराविशी वाटते. लिपी एकच असल्यामुळे काही वेळा साधन आपणहून हिंदी आवाज निवडते. मग ‘ज्ञान’चे ‘ग्यान’ होते, आकडे हिंदीत येतात आणि ‘ळ’ धड उच्चारला जात नाही. पालकांना वाटते मराठीचा आवाजच वाईट आहे. आवाजाच्या यादीत जाऊन मराठी स्वतः निवडावी. संकेतस्थळ चालवणाऱ्यांनीही पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद करावी, म्हणजे वाचकाला हे करावे लागणार नाही.

मराठी आवाज निवडल्यावरही च, ज, झ यांचे दोन उच्चार कधीकधी चुकतात. ‘जरा थांब’ मधला ‘जरा’ आणि ‘जरा-मरण’ मधला ‘जरा’ लिहायला एकच आहे. कोणता कुठे, हे वाक्य समजल्याशिवाय ठरत नाही. यावर काही तोडगा आहे का?

निशिगंध

राईनकाठ, अर्थावरून बदलणाऱ्या उच्चारावर वाचकाच्या हाती पक्का तोडगा नाही. पण जे शब्द नेहमीच चुकतात त्यांसाठी आहे. एनव्हीडीएमध्ये उच्चार-शब्दकोश असतो, आणि अँड्रॉइडवरील अ‍ॅट व्हॉइस अलाउड रीडर या अ‍ॅपमध्येही अमुक शब्द आला की तमुक उच्चार, असे नियम लिहिता येतात. मी संक्षेपांचे नियम लिहून ठेवले आहेत. मराठीत नावांची आद्याक्षरे पूर्णविराम देऊन लिहितात, आणि आवाजाला तिथे वाक्य संपल्यासारखे वाटून तो मध्येच थबकतो. ‘इ. स.’, ‘रु.’, ‘पृ.’ यांचेही तसेच होते. असा नियम एकदा लिहिला की पुढच्या सगळ्या पुस्तकांना तो लागू होतो.

आजोळ

मनात वाचून मग ऐकण्याची रीत मला पटली. आमच्या वेळी ते काम शेजारी बसलेली मोठी ताई करत असे. पण पैलतीर सांगतात तसे अख्खे पुस्तक उतरवून काढणे कायद्यात बसते का? लेखक-प्रकाशकांचे नुकसान होऊ नये असे मला वाटते.

शब्दसखा

ग्रंथालयात काम करतो, म्हणून या प्रश्नापुरते लिहितो. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन कलम ५२(१)(झेडबी) आले. अपंग व्यक्तीला वाचता यावे म्हणून कोणीही व्यक्ती एखाद्या साहित्यकृतीची सुलभ स्वरूपातली प्रत करू शकते आणि ती त्या व्यक्तीला खासगी वापरासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी देऊ शकते. अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थांनाही ही मुभा आहे, पण ना-नफा तत्त्वावर. त्यांनी केवळ उत्पादनाचा खर्च घ्यावा आणि अशा प्रती नेहमीच्या बाजारात जाणार नाहीत याची काळजी घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या सूचीत विशिष्ट अध्ययन अक्षमता, आणि तीत डिस्लेक्सिया, स्पष्टपणे नमूद आहे. गोदातीर यांच्या प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यांसाठी केलेली प्रत या चौकटीत बसते. ती प्रत शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सर्वांना पाठवणे मात्र बसत नाही, आणि राईनकाठ यांच्या मुलीसारख्या, अक्षमता नसलेल्या वाचकांसाठी ही सवलत नाही. त्यांनी ई-पुस्तक विकत घ्यावे हे उत्तम.

याच विषयावरचा माराकेश करार जून २०१३ मध्ये झाला आणि त्याला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. देशात २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. छापील मजकूर वाचण्यात अडथळा असलेल्या व्यक्ती त्याचे सदस्य होऊ शकतात. पैलतीर यांनी सांगितलेले सगळे कष्ट एखाद्या पुस्तकावर घेण्याआधी ते तिथे आधीच तयार आहे का, हे पाहावे. एका पुस्तकाचे काम दोन ठिकाणी होण्यापेक्षा त्याच वेळात दुसरे पुस्तक तयार व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

गोदातीर

सर्वांचे मनापासून आभार. शब्दसखा यांनी आखून दिलेली मर्यादा मी शाळेत लेखी स्वरूपात मांडणार आहे. पैलतीर, एकच प्रश्न उरला. पूरक वाचनाची पुस्तके काढणाऱ्या प्रकाशकांना मी पत्र लिहिणार आहे. ‘सुलभ पुस्तक द्या’ एवढ्याने काही होणार नाही. नेमके काय मागावे?

पैलतीर

युनिकोडमधली ईपब, म्हणजे ई-पुस्तकाच्या स्वरूपातली, फाइल मागा. तिच्यात मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवलेला असतो, अक्षरांचा आकार हवा तेवढा वाढवता येतो आणि पृष्ठक्रमांक वाक्यात शिरत नाहीत. प्रकरणांची शीर्षके खरोखर शीर्षके म्हणून नोंदवलेली हवीत. नुसती अक्षरे ठळक करून चालत नाही, कारण निशिगंध यांच्यासारख्या वाचकाला शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारता आली पाहिजे. चित्रे असतील तर प्रत्येकाचे दोन ओळींत वर्णन आणि फाइलमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद, हेही मागा. प्रकाशक म्हणाले की ईपब जमत नाही, तर ज्या फाइलवरून पुस्तक जुळवले ती युनिकोडमधली वर्ड फाइल मागा. तीही नसेल आणि जुळणी जुन्या फॉन्टमध्ये झाली असेल, तर फॉन्टचे नेमके नाव आणि मांडणीची मूळ फाइल मिळवा. पीडीएफपेक्षा तिच्यावरून मजकूर फार कमी चुकांसह काढता येतो. श्रीलिपीतल्या अशा फाइली आल्या तर मला येथेच व्यक्तिगत संदेशाने कळवा. परिवर्तन मी करून देईन. मुद्रितशोधनाला मात्र आणखी हात लागतील.

आजोळ

मुद्रितशोधनासाठी माझे नाव धरा. छापील पान शेजारी ठेवून ओळ न ओळ पाहीन. सहावीचा मजकूर आधी पाठवा.